गरम कुंड, घरची मोरी आणि आपले वडीलधारे



गळीत हंगाम संपला, उसाचे बिल हातात पडले की आपल्याकडे देवदर्शनाच्या गाड्या निघतात. वसई-विरारकडे जाणाऱ्यांची वाट ठरलेली. वसईचा किल्ला पाहायचा, विरारला जीवदानीचे दर्शन घ्यायचे आणि तिथून वज्रेश्वरी गाठायची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या वेळच्या नवसातून हे देऊळ उभे राहिले असे सांगतात. तिथे तानसा नदीच्या काठाने, अकलोली-गणेशपुरीच्या बाजूला, गरम पाण्याची कुंडे आहेत. त्यात अंग शेकल्याशिवाय म्हातारी माणसे परत फिरत नाहीत. दुखऱ्या सांध्यांना बरे वाटते, हे खरेच.

गेल्या खेपेला आमच्या गाडीतले सत्तरी ओलांडलेले एक सभासद कुंडात बराच वेळ बसले आणि झटक्यात उठून पायरी चढू लागले. डोळ्यांपुढे अंधारी आली, तोल गेला. शेजारच्याने बखोट धरले म्हणून डोके फुटायचे वाचले. "पाणी बाधलं," असे सगळे म्हणाले. आम्ही म्हणतो, एकदम उठणे बाधले.

दारे धरणाऱ्याला हे लगेच कळेल. सगळ्या सऱ्यांची दारे एकदम फोडली तर पाणी पसरते, उंचावरच्या सरीला चढत नाही. गरम पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या तशाच मोकळ्या होतात, रक्ताचा दाब उतरतो. माणूस ताडकन उभा राहिला की डोक्याला रक्त कमी पडते. ब्लडप्रेशरची गोळी चालू असली तर आणखीच. म्हणून गोळी मनाने बंद करू नये. पाण्यात पाच-दहा मिनिटेच बसावे, बाहेर आल्यावर काठावर थोडे टेकावे, मग कुणाला तरी धरून उठावे. भरल्या पोटी किंवा दारू पिऊन उतरू नये. हृदयविकार असेल त्याने घरून निघण्याआधीच डॉक्टरांना विचारावे.

मधुमेहाची गोष्ट निराळी. बऱ्याच जणांचे तळपाय बधिर झालेले असतात. कुंडाचे पाणी ४० अंशांच्या वर असते. पाय भाजतो तरी कळत नाही आणि रात्री फोड दिसतो. गुऱ्हाळावर गुळव्या बोटांनी पाक ओळखतो, पण इथे आपल्या पायांची साक्ष खरी धरू नका. धडधाकट माणसाला पाण्यात कोपर बुडवून पाहायला सांगा. पायाला जखम असेल तर कुंडात उतरूच नये. इन्शुलीन टोचून लगेच गरम पाण्यात बसले तर औषध लवकर अंगात भिनते आणि रक्तातली साखर एकदम उतरू शकते. घाम फुटला, हातपाय थरथरले तर तोंडात टाकायला खिशात साखरेची पुडी असावी. ती आपल्याच कारखान्याची असली म्हणजे झाले!

कुंडावर निदान चार माणसे आजूबाजूला असतात. घरच्या मोरीत म्हातारा एकटा, वर आतून कडी. ती कडी लावू देऊ नका, दार नुसते लोटून घ्यावे. बुटक्या पाटावरून उठताना गुडघे दगा देतात. त्याऐवजी न घसरणारे उंच स्टूल ठेवावे आणि भिंतीला लोखंडी दांडी पक्की बसवून घ्यावी. बादलीत आधी थंड पाणी, मग गरम. हीटरचा रॉड असेल तर बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही. गॅसचा गीझर बंद मोरीत तर नकोच; त्याच्या विषारी वायूला वास नसतो, गुंगी येऊन माणूस जागीच पडतो.

दिवाळीत अभ्यंगाचे तेल फरशीवर सांडते. आजोबांची आंघोळ आधी उरकावी, नातवंडांचा धुडगूस नंतर.