पायवाटेवरची मराठी

मुलांनो, तुमच्या घरी उर्दू बोलतात. गणित, विज्ञान, इतिहास हे विषयही तुम्ही उर्दूतून शिकता. मराठीचा तास घंटा झाली की संपतो. शाळेच्या फाटकाबाहेर मात्र मराठी सुरू होते. एस.टी.च्या पाटीवर ती असते, रेशन दुकानाच्या फलकावर असते, सातबाऱ्याच्या उताऱ्यावर असते. आई आजारी पडली की सरकारी दवाखान्यात तिच्याबरोबर पुष्कळदा तुम्हीच जाता. केसपेपर काढताना विचारतात, "कुठे दुखतं? कधीपासून? आधी कोणतं औषध घेतलं?" त्या वेळी 'पोटात कळ येते', 'मळमळते', 'चक्कर येते' हे शब्द तोंडात तयार हवेत. परीक्षेत पाच गुण गेले तर पुढे भरून काढता येतात. इथे मात्र आईच्या दुखण्याचा प्रश्न असतो.

मग कोणी म्हणतो, "मराठीची शिकवणी लावा." शिकवणीला पैसे लागतात, आणि घरात किराणा, भाडे, धाकट्या भावंडांची फी यांचा हिशेब आधीच जुळत नसतो. माझे मत विचाराल, तर मराठी बोलायला शिकण्यासाठी शिकवणीची गरजही नाही. आपल्याच भागातील एका माणसाने किती भाषा शिकल्या आणि त्या कशा शिकल्या, ते आधी पाहू.

लातूर जिल्ह्यातील निलंगा गावी 27 ऑगस्ट 1910 रोजी सेतुमाधवराव पगडी यांचा जन्म झाला. त्या काळी नांदेड-लातूरचा हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचा कारभार उर्दूतून चाले. आज तुम्ही मराठीपाशी जसे अडखळता, तशी त्या काळी मराठी घरांतील मुले उर्दूपाशी अडखळत. शेजारच्या एखाद्या वृद्ध आजोबांना विचारून पहा, "आपल्या वडिलांचे शिक्षण कोणत्या भाषेत झाले?" 'उर्दूत' असे उत्तर पुष्कळ घरांत मिळेल.

सेतुमाधवराव उर्दू शिकले, आणि परीक्षेपुरती शिकून त्यांनी ती सोडली नाही. पुढे त्यांनी गालिब आणि इक्बाल यांची कविता मराठी वाचकांना समजावून दिली. औरंगजेबाच्या फौजेबरोबर दक्षिणेत फिरलेल्या भीमसेन सक्सेना याच्या आठवणी त्यांनी फारसीतून मराठीत आणल्या. त्यामुळे मराठ्यांच्या इतिहासाचे एक मोठे साधन मराठी वाचकांच्या हाती आले. ते संस्थानात सरकारी अधिकारी होते. नोकरीच्या निमित्ताने आदिलाबाद भागात असताना ते गोंडी भाषा शिकले, कोलामीही शिकले. आदिलाबाद म्हणजे आपल्या किनवट तालुक्याला लागून असलेला, आज तेलंगणात असलेला भाग. गोंडी शिकायची तर गोंडांच्या वस्तीत जाऊन, त्यांच्यात बसूनच शिकावी लागे. त्यांना सतरा भाषा येत होत्या, असे सांगतात. 1992 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. 1994 साली त्यांचे निधन झाले.

सतरा हा आकडा ऐकून घाबरू नका. मला त्या आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. गोंडी शिकण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली नाही. जिथे नोकरी होती, तिथल्या माणसांची भाषा ते शिकले. तुम्हांला तर दूर जायचेही नाही. मराठी बोलणारी माणसे तुमच्या गल्लीच्या टोकालाच आहेत.

राहिला प्रश्न वेळेचा. लातूरच्या मुलांना काटकसर शिकवायला नको. 2016 च्या दुष्काळात लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. पहिली गाडी 12 एप्रिल 2016 रोजी पोचली. तिला लोक 'जलदूत' म्हणत. त्या उन्हाळ्यात घराघरांत हंडे मोजले जात होते. काटकसर म्हणजे कंजुषी नव्हे. कंजूस माणूस तहानलेल्यालाही पाणी देत नाही. काटकसरी माणूस पाहुण्याला तांब्या भरून देतो, पण थेंब सांडू देत नाही. वेळेचेही तसेच करा. आपला वेळ कुठे सांडतो, ते एक आठवडा लिहून ठेवा. मोबाइल फोनपाशी रोजचा अर्धा तास तरी सांडलेला सापडेल. तोच उचला आणि बाहेर पडा.

बरोबर काय घ्यायचे? मागच्या वर्षीच्या वह्यांतील कोरी पाने काढून शिवलेली एक वही, एक पेन्सिल आणि पायांत चपला. बस्स. नांदेडची मुले गोदावरीच्या घाटाकडे जाऊ शकतात. लातूरच्या मुलांना शहराबाहेर थोडे चालले की शेताचे बांध लागतात. उदगीर आणि कंधारच्या मुलांना तर गावातच किल्ला आहे. एकट्याने जाऊ नका. मित्र, मैत्रीण किंवा घरातील मोठे माणूस बरोबर असू द्या. नदीच्या आणि विहिरीच्या काठापासून दूर रहा. ज्या मुलींना रोज बाहेर जाता येत नाही, त्यांनी गच्चीवरून सुरुवात करावी. गच्चीवरून पक्षी अधिक चांगले दिसतात, हे मी उगाच समजूत काढायला सांगत नाही.

जे दिसेल त्याचे मराठी नाव लिहायचे, आणि नावाआधी 'तो', 'ती' किंवा 'ते' लिहायचे. उर्दूत पुल्लिंग आणि स्त्रीलिंग एवढेच आहे. मराठीत तिसरे नपुंसकलिंगही आहे, आणि तुमच्या बहुतेक चुका तिथेच होतात. उर्दूत दुकान 'अच्छी' असते, मराठीत ते 'चांगले दुकान' होते. उर्दूत पानी 'ठंडा', मराठीत पाणी 'थंड' खरे, पण 'ते पाणी'. तो रस्ता, ती पायवाट, ते शेत. तो ओढा, ती विहीर, ते तळे. तो पिंपळ, ती चिंच, ते झाड. नियम पाठ करण्यापेक्षा वस्तू डोळ्यांसमोर ठेवून नाव घेतले, तर लिंग चटकन लक्षात राहते.

वही भरू लागली की एक गंमत कळेल. यातील कितीतरी शब्द तुम्हांला आधीच येतात. किल्ला, बुरूज, दरवाजा, खंदक, हौज हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले. शेतकऱ्याच्या तोंडचे खरीप, रब्बी, हंगाम, जिरायत, बागायत हेही तिकडूनच आले. नांगरून, कुळवून जमीन तयार करणे याला मराठीत 'मशागत' म्हणतात. हा तुमचा 'मशक्कत'च आहे. देणे एकाच बाजूने झाले नाही. तुम्ही घरी 'नक्को' म्हणता ना? तो मराठीचा 'नको' आहे. 'वहीच', 'आजच' असे जोर देऊन बोलताना शेवटी जो 'च' लावता, तोही मराठीचाच. दख्खनी बोलणारे मूल थोडी मराठी बोलतच मोठे होते.

काही शब्द मात्र फसवतात. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र कुस्तीच्या आखाड्याला तालीम म्हणतात, आणि नाटकाच्या सरावालाही. "माझा भाऊ तालमीत जातो" हे ऐकून तो मोठा विद्वान आहे, असे समजू नका. उर्दूत शिकस्त म्हणजे हार. मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त केली' म्हणजे करता येईल तेवढे सगळे केले. आणि एस.टी. स्थानकावर कोणी "खाली बसा" म्हणाले, तर रिकामी जागा शोधू नका. ते तुम्हांला जमिनीवर बसायला सांगत आहेत.

'ळ' हे अक्षर उर्दूत नाही, म्हणून त्याच्या जागी 'ल' येतो. 'मला वेळ नाही' असे म्हणायचे असते आणि तोंडातून 'मला वेल नाही' निघते. वेल म्हणजे झाडावर चढणारी नाजूक फांदी. ती नसल्याचे दुःख कोणाला असणार? चालता चालता मोठ्याने म्हणा : बाभूळ, पिंपळ, फळ, माळरान, कावळा. जीभ वर वळवून टाळूला लागली पाहिजे. आठवडाभरात ती वळते.

आता बोलायचे. बांधावर शेतकरी भेटला तर आधी सलाम किंवा नमस्कार करा, आणि विचारा, "काका, यंदा काय पेरलंय?" ते सोयाबीन सांगतील, तूर सांगतील, हरभरा सांगतील. कदाचित तेच विचारतील, "काय करायलाव रे पोरांनो?" पुस्तकात 'काय करता' असे असते. आपल्या मराठवाड्यात असे बोलतात. गोंधळू नका, दोन्ही मराठीच आहेत. पेपरात पुस्तकातले लिहा आणि बांधावर बांधावरचे बोला. पुस्तकात 'कडुनिंब' असतो, आपल्याकडे सगळे त्याला 'लिंब' म्हणतात. हे दोन्ही शब्द वहीत हवेत.

झाडे एका जागी उभी असतात, म्हणून त्यांची नावे लवकर संपतात. पक्षी संपत नाहीत. चील ती घार, फाख्ता तो होला, मैना ती साळुंकी, टिटहरी ती टिटवी, किलकिला तो खंड्या. बुलबुल दोन्हीकडे बुलबुलच. आणि बया म्हणजे सुगरण. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लोंबणारी तिची घरटी तुम्ही पाहिली असतील. ही सुगरण जवळून पाहणाऱ्या एका माणसाची हकिकत सांगतो.

पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. 1930 च्या सुमारास त्यांना नोकरी नव्हती. खर्च कमी व्हावा म्हणून ते पत्नी तहमिना यांच्यासह मुंबई सोडून अलिबागजवळ किहीम येथे राहिले. तिथे घराजवळच सुगरणींची वसाहत होती. नोकरी नाही म्हणून ते कपाळाला हात लावून बसले नाहीत. घरट्यांसमोर तासन्‌तास बसून त्यांनी टिपणे केली. त्यांना दिसले ते असे : घरटे नर विणतो. ते अर्धे झाले की मादी येऊन तपासते. तिला पसंत पडले तर नर ते पुरे करतो आणि लगेच दुसरे विणायला घेतो. मराठीत आपण 'ती सुगरण' म्हणून तिचे कौतुक करतो, पण विणकर 'तो' असतो! व्याकरण वेगळे आणि डोळ्यांना दिसते ते वेगळे. वहीत दोन्ही लिहावे.

पुढे वेगवेगळ्या संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. त्यासाठी पगार मागितला नाही, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च मागितला. 1931-32 साली त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. म्हणजे आपला मुलूख तेव्हा ज्या संस्थानात होता, त्याच संस्थानातील पक्ष्यांची.

मारुती चितमपल्ली यांचा जन्म 1932 साली सोलापुरात झाला. सोलापूर हे असे शहर, की एका बाजारात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू कानांवर पडते. ते वनाधिकारी होते. जंगलात पायी फिरताना तिथल्या आदिवासींकडून त्यांनी पक्ष्यांची आणि झाडांची नावे गोळा केली. जुन्या ग्रंथांत पक्ष्यांविषयी काय लिहिले आहे ते कळावे म्हणून ते संस्कृत शिकले. बगळ्यांची एकत्र घरटी असलेल्या झाडांना मराठीत शब्द नव्हता, तर त्यांनी 'सारंगागार' हा शब्द दिला. 2006 साली सोलापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या 'पक्षिकोश' या पुस्तकात पक्ष्यांची नावे भेटतील. शाळेच्या किंवा गावाच्या ग्रंथालयात मागून पहा.

तुमच्या वहीत प्रत्येक पक्ष्यासाठी तीन रकाने आखा : उर्दू नाव, पुस्तकातले मराठी नाव आणि गावातले नाव. पहिला पक्षी मी सुचवतो. हजरत सुलेमान यांच्या गोष्टीतला हुदहुद तुम्हांला माहीत आहे. डोक्यावर पंख्यासारखा तुरा, लांब बाकदार चोच, अंगावर काळे-पांढरे पट्टे. शाळेच्या मैदानावर गवतात चोच खुपसून तो किडे शोधत असतो. पुस्तकात त्याला हुप्प्या म्हणतात. तिसरा रकाना मी मोकळा सोडला आहे. तो भरायला बांधावरच्या काकांना विचारा.

शब्दार्थ
मुलूख – प्रदेश, इलाका. काटकसर – किफायत. बांध – दोन शेतांमधील मातीची कड. कुळवणे – कुळव नावाच्या अवजाराने माती भुसभुशीत करणे. रकाना – खाना.

स्वाध्याय
1. गोंडी शिकण्यासाठी सेतुमाधवरावांना गोंडांच्या वस्तीत का जावे लागले?
2. 'काटकसरी' आणि 'कंजूस' यांतील फरक स्वतःच्या घरातील उदाहरण देऊन सांगा.
3. 'तालीम', 'शिकस्त', 'खाली' हे शब्द मराठी अर्थाने वाक्यांत वापरा.
4. एस.टी. बसमध्ये आतून लिहिलेली पाच मराठी वाक्ये किंवा शब्द उतरवून आणा आणि वर्गात वाचून दाखवा.