मुखपृष्ठावरची रंगांची जोडी

कन्हान नदीजवळचे कामठी हे नागपूरच्या शेजारचे गाव लष्करी छावणीसाठी जसे प्रसिद्ध, तसेच हातमागाच्या विणकरांसाठीही. मागावरच्या हिरव्या लुगड्याला लाल काठ जोडला, की हिरवा अधिक हिरवा आणि लाल अधिक लाल दिसू लागतो. सूत तेच, रंगही तोच. मग हा उठाव आला कोठून?

असाच एक पेच फ्रान्समध्येही पडला होता. पॅरिसच्या गोबलँ येथील प्रसिद्ध विणकामशाळेत १८२४ साली मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगकामाचे प्रमुख झाले. ‘निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या छायेसाठी वापरलेला काळा रंग फिका पडतो’ अशी तक्रार तेथे होती. शेव्रल यांनी काळी लोकर तपासली. तिच्यात दोष नव्हता! शेजारच्या रंगामुळेच काळा रंग निस्तेज भासत होता. यावर अभ्यास करून १८३९ साली त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला. शेजारी ठेवलेले रंग एकमेकांचे दिसणे बदलतात, हे त्याचे सार. आपणही ते पडताळून पाहू.

प्रयोग १. लाल घोटीव कागदाचा ४ सें.मी. बाजूचा चौकोन पांढऱ्या कागदावर ठेवा. त्याच्या मध्यावर एक ठिपका काढा आणि भरपूर उजेडात ठिपक्याकडे ३० सेकंद एकटक पाहा. आता चौकोन उचला. पांढऱ्या कागदावर हिरवट निळा चौकोन तरंगताना दिसेल. ही झाली ‘अनुप्रतिमा’.

आपल्या दृष्टिपटलावर तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. लाल रंग पाहताना त्यांतील एका प्रकारच्या पेशी अधिक उद्दीपित होतात आणि हळूहळू त्यांची संवेदनक्षमता घटते. मग पांढऱ्या प्रकाशातही त्यांचा प्रतिसाद मंद राहतो. उरलेल्यांचा प्रभाव वाढतो. म्हणून लालाचा पूरक रंग दिसतो.

प्रयोग २. एकाच करड्या कागदाचे दोन तुकडे कापा. एक लाल, तर दुसरा हिरव्या कागदावर ठेवा. लालावरचा तुकडा किंचित हिरवट आणि हिरव्यावरचा किंचित लालसर भासेल. येथे पेशी थकण्याची वाट पाहावी लागत नाही, कारण डोळा व मेंदू प्रत्येक रंगाची शेजाऱ्याशी सतत तुलना करीत असतात. लुगड्याच्या काठाचे गुपितही हेच!

आता उपक्रम. वर्गातील प्रत्येकाने वाचलेल्या एका पुस्तकाचे नवे मुखपृष्ठ करावे. लाल-हिरवा, नारिंगी-निळा किंवा पिवळा-जांभळा यांपैकी एक जोडी निवडावी. गोष्टीतील मुख्य भाव कोणता, हे आधी ठरवा. समुद्रावरच्या एकाकी प्रवासाची गोष्ट असेल, तर सारे पृष्ठ निळे ठेवून एकाच लहानशा नारिंगी कंदिलाने नजर वेधता येईल. निळ्या कागदावर नागपुरी संत्रे ठेवून पाहा, म्हणजे हे पटेल. दोन्ही रंग सारख्याच प्रमाणात पसरले, तर ते एकमेकांशी भांडू लागतात. एकाला यजमान करा, दुसऱ्याला पाहुणा. छाया हवी असेल तेथे रंगात त्याच्या पूरकाचा थेंब मिसळा; तो शांत, करडा होतो. मात्र जास्त मिसळला तर मातकट होईल.

पुस्तकाचे नाव लिहिताना सावध राहा. तितक्याच उजळ हिरव्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरे लिहिली, तर त्यांच्या कडा थरथरल्यासारख्या दिसतात. शिवाय काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, लाल-हिरव्यातील फरक जन्मतःच नीट कळत नाही. ज्या जोडीने तुमचे मुखपृष्ठ खुलले, तीच जोडी शेजारच्या बाकावरच्या मित्रासाठी कोरे पान ठरू शकते! म्हणून चित्रासाठी रंगांचा विरोध वापरा, अक्षरांसाठी गडद-फिक्याचा. मुखपृष्ठाचे कृष्णधवल छायाचित्र घ्या. त्यात नाव वाचता आले, तर ते सर्वांना वाचता येईल.

शिक्षकांसाठी. प्रयोगात लालाचा पूरक हिरवट निळा येतो, पण चित्रकलेच्या रंगचक्रात तो हिरवा असतो. मुले हे विचारतीलच. चित्रकाराचे चक्र लाल, पिवळा, निळा या रंगद्रव्यांवर रचलेले आहे, तर प्रकाशाचे प्राथमिक रंग लाल, हिरवा, निळा होत. दोन्ही चक्रे समोरासमोर मांडून चर्चा घडवावी. आणि एखाद्या मुलाने पाने तपकिरी रंगवली, तर रागावण्यापूर्वी त्याला रंग कसे दिसतात, हे आपुलकीने विचारावे. गरज वाटल्यास नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करवून घ्यावी.

करून पाहा. एका कागदावर लाल-हिरवे पट्टे १ सें.मी. रुंदीचे आखा, दुसऱ्यावर १ मि.मी. रुंदीचे. दोन्ही कागद ५ मीटर अंतरावरून पाहा. रुंद पट्टे उठून दिसतील, बारीक मात्र एकमेकांत मिसळून मळकट दिसतील. आता सांगा पाहू : लाल काठाने खुलणाऱ्या हिरव्या लुगड्यात लाल-हिरवा धागा एकाआड एक विणला, तर ते कसे दिसेल?