कागद कोणाचा आणि मजकूर कोणाचा?

तुमच्यांपैकीं ज्यांस मागील पिढीची आठवण आहे त्यांस ठाऊक असेल कीं, मुंबईच्या गिरणींतून मुलाचें पत्र आलें म्हणजे आई तें पदराखालीं झांकून शाळामास्तरांकडे नेत असे. मास्तर पत्र वाचून दाखवीत, उत्तर लिहून देत, आणि मुलानें किती कर्ज काढिलें, सून माहेरीं कां गेली, हें सर्व त्यांच्या कानीं पडे. चावडीवर कोणी खोदून विचारिलें तर चांगले मास्तर पाऊसपाण्याच्या गोष्टी काढीत. हा नेम कोणत्याहि कायद्यांत लिहिलेला नव्हता. परंतु जो तो मोडी त्याच्याकडे दुसरें पत्र घेऊन कोणी जात नसे.

आतां पत्रें थोडीं झालीं व मोबाईलवरील संदेश फार झाले. एका बोटाच्या दाबानें एकाचें खाजगी बोलणें दोनशें जणांच्या ग्रुपवर जातें. असें करणारास कोणी हटकिलें तर तो म्हणतो, "संदेश मला आला, तो माझा आहे, मीं तो कोणासहि दाखवीन." हें म्हणणें कितपत खरें आहे तें पाहूं.

हा वाद नवा नाहीं. इंग्लंडांत १७४१ सालीं अलेक्झांडर पोप या कवीनें एडमंड कर्ल नांवाच्या पुस्तकविक्यावर फिर्याद केली. पोप व त्याचा मित्र जोनाथन स्विफ्ट यांचीं एकमेकांस लिहिलेलीं पत्रें कर्लनें परवानगीवांचून छापिलीं होतीं. लॉर्ड चॅन्सेलर हार्डविक यांनीं असा निवाडा दिला कीं, ज्यास पत्र आलें त्याची मालकी कागदावर आहे. परंतु तेवढ्यानें आंतील मजकूर छापून जगापुढें मांडण्याचा अधिकार त्यास मिळत नाहीं. पत्रांत नित्याच्या साध्या गोष्टी आहेत, ही सबबहि त्यांनीं मानिली नाहीं. आणि मनाईहुकूम दिला तो पोपनें स्वतः लिहिलेल्या पत्रांपुरताच. स्विफ्टनें लिहिलेलीं पत्रें पोपच्या घरीं आलीं असलीं तरी तीं अडविणें पोपच्या हातीं नव्हतें, कारण ते शब्द त्याचे नव्हते. (पोप या कामीं अगदीं निर्मळ होता असें नाहीं. १७३५ सालीं आपलींच पत्रें त्यानें युक्तीनें याच कर्लकडून बाहेर काढविलीं होतीं, अशासाठीं कीं, मग आपली शुद्ध आवृत्ति काढण्यास निमित्त मिळावें. पण वादी लबाड असला म्हणून निवाडा खोटा होत नाहीं.)

शास्त्रांतील पत्रांतहि हा भेद दिसतो. कलस्सै येथील मंडळीस लिहितांना पौल शेवटीं सांगतो कीं, हें पत्र तुम्हांमध्यें वाचून झाल्यावर लावदिकीयाच्या मंडळींतहि वाचलें जावें. पत्र दुसऱ्या गांवीं नेण्याची मोकळीक लिहिणारानें दिली. घेणारांस ती आपल्या मनानें घ्यावी लागली नाहीं.

१८७९ सालीं हिंदुस्थानांत पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें, तेव्हांपासून आमचे लोक खुशाली कार्डावर लिहीत आणि मनांतलें लखोट्यांत घालीत. कारण कार्ड वाटेंत कोणीहि वाची. व्हॉट्सअ‍ॅपनें २०१६ सालीं आपल्या सर्व संदेशांस असें कुलूप घातलें कीं, त्याची किल्ली पाठविणाराच्या व घेणाराच्याच मोबाईलमध्यें असते, आणि मजकूर स्वतः कंपनीसहि वाचतां येत नाहीं. परंतु हें कुलूप वाटेपुरतें आहे. घेणारानें स्क्रीनशॉट, म्हणजे मोबाईलच्या पडद्याचें चित्र, काढून दुसऱ्यास पाठविलें कीं कुलूप व्यर्थ झालें.

समजा, एका बाईनें रात्रीं आपल्या नणंदेस लिहिलें: "वन्सं, घरांत दाणा नाहीं. यांनीं पुन्हां प्यायला सुरुवात केली आहे. आईंस सांगूं नका." नणंदेस काळजी वाटली, तिनें त्या संदेशाचें चित्र आपल्या बहिणीस पाठविलें. बहिणीनें तें प्रार्थनेची विनंति म्हणून मंडळीच्या ग्रुपवर ठेविलें. सकाळीं हापशावर बायकांस ठाऊक झालें, दुपारीं सासूस, संध्याकाळीं नवऱ्यास. त्या रात्रीं त्या घरीं काय झालें असेल तें वाचकांनींच समजावें. येथें कोणाच्या मनांत वैर नव्हतें, हें आम्ही मुद्दाम सांगतों. आमच्या मंडळ्यांत चहाडीपेक्षां अशी काळजीच पुष्कळ गुपितें फोडते. अमुक घरासाठीं प्रार्थना करा एवढें म्हणतां आलें असतें. तेंहि तिला विचारून. शिवाय चित्रांत नेहमीं तुकडाच येतो. नणंदेनें आधीं काय विचारलें होतें तें कापलें जातें, आणि उत्तर देणारी आपण होऊन नवऱ्याची नालस्ती करीत होती असें दिसतें.

एकदां पाठविलें म्हणजे लिहिणाराचा हक्क संपला काय? कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढें २०१७ सालीं हाच प्रश्न आला. एका मनुष्याचे संदेश, ज्यास ते पाठविले होते त्याच्या मोबाईलवरून पोलिसांनीं पुराव्यांत आणिले होते. सात न्यायाधीशांपैकीं पांचांनीं असें ठरविलें कीं, घेणारा संदेश दुसऱ्यास दाखवूं शकतो, एवढ्यावरून लिहिणारानें खाजगीपणाची आशा सोडिली असें होत नाहीं. त्याच वर्षीं २४ ऑगस्ट रोजीं आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खाजगीपणा हा घटनेंतील मूलभूत हक्क ठरविला. तथापि हे निकाल मुख्यत्वें सरकारपासून प्रजेच्या रक्षणाचे आहेत. शेजाऱ्यानें शेजाऱ्याचा संदेश फोडिला तर कायद्याचा हात तितका लांब पोंचत नाहीं. व्यक्तींच्या माहितीच्या रक्षणासाठीं २०२३ सालीं झालेला कायदा मनुष्याच्या खाजगी अथवा घरगुती व्यवहारास लागू नाहीं. मात्र कोणाच्या गुप्तांगांचें चित्र संमतीवांचून पसरविणें हा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि जाणूनबुजून पुढें पाठविणेंहि त्यांत येतें.

मग दुष्टाचें दुष्कर्म झांकावें काय? मुळींच नाहीं. कोणी धमकी देत असेल, पैशासाठीं छळीत असेल, मुलीस अभद्र संदेश पाठवीत असेल, तर तें लपविण्यास तिच्यावर कोणतेंच बंधन नाहीं. पण दाखवावयाचें तें ज्याच्या हातून उपाय होईल त्यास: आईबापांस, विश्वासू वडील माणसास, पोलिसांस. ग्रुपवर टाकिल्यानें अपराधी सावध होतो आणि मुलीचें नांव गांवभर होतें. मूळ संदेश पुसूं नये व तो मोबाईल जपून ठेवावा. कारण २०२३ सालच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणें नुसती छापील नक्कल पुरी पडत नाहीं, तिजबरोबर ठराविक दाखला द्यावा लागतो.

आमच्या शिक्षकबंधूंस येथें थोडें अधिक सांगणें प्राप्त आहे, कारण पूर्वीच्या मास्तरांची जागा आतां त्यांच्याकडे आली आहे. पुष्कळ घरीं एकच मोबाईल असून तो मुलें खेळावयास घेतात. ज्यास लोक आपलीं दुःखें लिहून पाठवितात त्यानें तो उघडा ठेवूं नये. आणि मंडळीचा ग्रुप चालविणारानें हें जाणून असावें कीं, दुसऱ्यानें टाकलेला संदेशहि त्यास सर्वांच्या मोबाईलवरून पुसतां येतो. ज्यांनीं त्याचें चित्र काढून ठेविलें असेल त्यांच्याकडून मात्र तो जात नाहीं. म्हणून दृष्टीस पडतांच पुसावा, सभेची वाट पाहूं नये.