गोळ्यांचं पाकीट सोबत ने

सुमे,

सोमवारी काचबिंदूचं लेसर आहे म्हणालीस. फोनवर सगळ्यांच्या देखत बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

आधी तुझ्या त्या रक्त पातळ करायच्या गोळीचं पाकीट पिशवीत टाक आणि डॉक्टरांना दाखव. मी माझं दाखवलं नव्हतं. छातीचा न् डोळ्याचा काय संबंध, असंच वाटलं गं! हनुवटी मशीनवर टेकवली, थेंबांनी डोळा बधिर झाला, त्यावर काच बसवली. टिक्, टिक् झालं आणि समोरचं सगळं तांबूस, गढूळ. कयाधूला पहिला पूर आल्यावर पाणी दिसतं ना, तस्सं. डॉक्टरांनी तीच काच डोळ्यावर जराशी दाबून धरली, तेव्हा रक्त थांबलं. मग विचारलं, "मावशी, गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

बुबुळाच्या रंगीत पडद्याला बारीकसं भोक पाडतात, म्हणजे आतलं पाणी तुंबत नाही. त्या पडद्यात बारीक रक्तवाहिन्या असतात, थेंबभर रक्त येऊ शकतं. बहुतेकदा तिथेच थांबतं, घाबरू नकोस.

पण भीतीपोटी गोळी मनाने बंद करायची नाही. तुझ्या छातीत स्टेंट आहे, तिथे गुठळी झाली तर जिवावर बेतेल. ते हृदयाच्या डॉक्टरांनाच विचार.

लेसरनंतर तासाभराने डोळ्याचा दाब पुन्हा मोजतात. साधारण 10 ते 21 बरा, माझा 30 वर गेला होता, थेंबांनी उतरवला. नरसीची बस चुकेल म्हणून उठून येऊ नकोस.

हळदीचे दिवस आहेत, ठाऊक आहे मला. पण डॉक्टर हो म्हणेपर्यंत कढईपाशी वाकायचं नाही, पोतं उचलायचं नाही. रक्त आलंच तर उशाला दोन उश्या घे. दुखलं तरी दुकानातली गोळी मनाने घेऊ नकोस, काहींनी रक्त आणखी पातळ होतं. मध, गुलाबपाणीही नको. आणि डोळा ठणकला, दिसणं अंधुक होत गेलं, डोकं दुखून उलटी झाली, तर पित्त समजून पडून राहू नकोस. त्याच रात्री गाडी करून जा, पैसे मी देते.

आईचा डोळा कशाने गेला, ते आता कळलंय आपल्याला. हे घराण्यात उतरतं गं. सोमवारी धाकट्यालाही सोबत ने, त्याचाही दाब मोजून घे.

तुझी अक्का