अल्गो ट्रेडिंग शिकायला नेमके किती पैसे लागतात?

घरात चालू स्थितीतला लॅपटॉप असेल, तर अल्गो ट्रेडिंग शिकण्याच्या पहिल्या वर्षात दहा ते पंधरा हजार रुपयांपेक्षा जास्त खर्च करायची गरज नाही. कोणी यापेक्षा जास्त मागत असेल, तर नेमकं कशाचे, ते लेखी मागा. हा आकडा सुरुवातीलाच देतोय, कारण या विषयात लोकांचे पैसे बहुतेक वेळा चुकीच्या जागी जातात. वर्गाच्या फीवर पन्नास हजार उडवणारा माणूस चांगल्या डेटासाठी महिन्याला पाचशे रुपये द्यायला कां कू करतो, आणि मग महिन्याभरात ट्रेडिंगच्या शुल्कातच त्याहून जास्त घालवतो.

शिकायचं काय, तर तीन गोष्टी. खरेदी-विक्रीचे नियम कोडमध्ये लिहिणं, तो कोड मागच्या काही वर्षांच्या भावांवर चालवून पाहणं म्हणजे बॅकटेस्ट करणं, आणि आलेल्या निकालावर कितपत विश्वास ठेवायचा हे ओळखणं. पहिली गोष्ट सगळ्यात सोपी आहे, तिसरी सगळ्यात अवघड. वर्ग विकले जातात ते मुख्यतः पहिलीचे.

साधनांवर फार बोलायला नको, ती फुकट आहेत. पायथन फुकट, भावांचे तक्ते हाताळणारी पांडाज ही लायब्ररी फुकट, बॅकट्रेडर किंवा व्हेक्टरबीटीसारखी बॅकटेस्टची साधनंही फुकट मिळतात. आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरतो. तोही नसेल, तर गूगल कोलॅबवर ब्राउझरमध्येच कोड चालतो. आपल्याकडे बरेच जुने ट्रेडर अमीब्रोकर वापरतात. ते चांगलं आहे, पण परवान्याला काही शे डॉलर पडतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ते घ्यायचं कारण मला दिसत नाही.

शिकवणीचंही तसंच. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मोफत आहेत आणि त्यातले बरेच मराठीतही आहेत. एनपीटीईएलवर पायथन आणि डेटा सायन्सचे पूर्ण अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेचे हजार रुपये भरायचे. बाजाराची मूलभूत माहिती झिरोधाच्या व्हार्सिटीवर फुकट आहे. पुस्तकांत अर्नेस्ट चॅन यांचं ‘क्वांटिटेटिव्ह ट्रेडिंग’ विकत घ्यावं. गणित झेपेल असं आहे आणि लेखक वाचकाला स्वप्नं विकत नाही. नोकरी सांभाळून आठवड्याला आठ-दहा तास देणाऱ्याला स्वतःचा बॅकटेस्ट स्वतः लिहिता यायला साधारण सहा महिने लागतात. हा वेळ पैसे देऊन कमी करता येत नाही.

तरीही कुणाला वर्ग लावावासा वाटतो. रोज कोणीतरी समोर बसवून घेतल्याशिवाय अभ्यास होत नाही असे लोक असतात, त्यात गैर काही नाही. नोकरीसाठी, म्हणजे एखाद्या ट्रेडिंग फर्ममध्ये शिरण्यासाठी शिकायचं असेल, तर सहा-सहा महिन्यांचे गंभीर अभ्यासक्रम मुंबईत आहेत. त्यांची फी लाखांच्या घरात जाते, आणि ती शिक्षणावरची गुंतवणूक म्हणूनच तपासावी. पण “आमची रेडीमेड स्ट्रॅटेजी सोबत मिळेल” असं सांगणाऱ्या वर्गापासून लांब राहा. सेबीने सप्टेंबर २०२२ मध्येच अल्गोचा मागचा किंवा अपेक्षित परतावा दाखवणाऱ्यांशी संबंध ठेवायला ब्रोकरांना बंदी केली. जानेवारी २०२५ मध्ये, नोंदणी नसताना फक्त शिक्षण देणाऱ्यांना मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरायला मनाई केली. डिसेंबर २०२५ मध्ये तर कर्जतच्या एका प्रसिद्ध ट्रेडिंग अकादमीचे ५४६ कोटी रुपये जप्त करण्याचा अंतरिम आदेश निघाला. वर्गात चालू बाजारातले कॉल मिळत असतील, तर शिकवणाऱ्याचा सेबीचा रिसर्च अ‍ॅनालिस्ट नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर तो पडताळा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता डेटा. पैसे खर्च करायची खरी जागा ही.

शेअरचे रोजचे भाव एनएसईच्या भावकॉपीत फुकट मिळतात. मात्र ते जसेच्या तसे वापरले तर घात होतो. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी रिलायन्सचा शेअर एकास एक बोनसनंतरच्या भावाने उघडला. आदल्या शुक्रवारी २,६५५ च्या आसपास असलेला भाव सोमवारी तेराशेच्या घरात. गुंतवणूकदाराचं नुकसान शून्य, पण कोडला काय दिसतं? एका रात्रीत पन्नास टक्क्यांची पडझड. “जोरात पडलेला शेअर घ्या” असा नियम असेल, तर तो तिथे खरेदी दाखवेल, आणि स्टॉपलॉसचा नियम असेल तर कधी न झालेला तोटा नोंदवेल. बोनस, स्प्लिट, राइट्स या सगळ्यांसाठी जुने भाव दुरुस्त करून घ्यावे लागतात. शिवाय ८ जुलै २०२४ पासून भावकॉपीच्या फाइलचा साचाच बदलला, त्यामुळे यूट्यूबवरचे जुने कोड तिथे येऊन अडकतात.

दुसरी खोच याहून लपलेली. आजच्या निफ्टीतले ५० शेअर घेऊन दहा वर्षांचा बॅकटेस्ट केला की निकाल छानच येतो, कारण त्या यादीत फक्त टिकलेले शेअर असतात. येस बँक २०१५ ते २०२० या काळात निफ्टीत होती. २०१८ मध्ये चारशेच्या आसपास गेलेला तिचा शेअर मार्च २०२०च्या पहिल्या आठवड्यात दहा रुपयांखाली आला आणि त्याच महिन्यात ती निर्देशांकातून बाहेर पडली. तुमचा कोड २०१८ मध्ये खरंच चालू असता, तर तिच्यात अडकू शकला असता. आजच्या यादीवर चालवला तर तिचं नावही त्याला दिसत नाही. म्हणून त्या त्या वर्षीची यादी गोळा करा. निर्देशांकातल्या बदलांची परिपत्रकं जाहीर असतात, फक्त बसून तक्ता करावा लागतो.

मिनिटामिनिटाचे भाव हवे असतील तर ब्रोकरच्या एपीआयकडे, म्हणजे आपला कोड थेट ब्रोकरच्या यंत्रणेशी जोडणाऱ्या सोयीकडे, जावं लागतं. झिरोधाने २०२५ मध्ये एपीआयचे दर उतरवले. फक्त ऑर्डर टाकण्यासाठी ते मोफत झालं, डेटासह घेतलं तर महिन्याला ५०० रुपये. काही ब्रोकर एपीआय फुकट देतात, काही जण डेटाचे वेगळे घेतात. दर बदलत असतात, त्यामुळे वर्षाचे एकदम भरू नका. तीन महिने घ्या, हवा तो इतिहास उतरवून आपल्या लॅपटॉपवर साठवा आणि वर्गणी थांबवा. दीड हजारात काम होतं.

ऑप्शनचा बॅकटेस्ट मात्र महागच. मुदत संपलेल्या काँट्रॅक्टचे मिनिटांचे भाव ब्रोकरच्या एपीआयवर बहुधा मिळत नाहीत, अधिकृत विक्रेत्यांकडून ते वेगळे घ्यावे लागतात. आणि घेऊन उपयोग किती, हाही प्रश्न. बँक निफ्टीची साप्ताहिक एक्सपायरी नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. त्याच सुमारास काँट्रॅक्टची किमान किंमत पंधरा लाखांवर गेली. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्सपायरी गुरुवारवरून मंगळवारी आली. “गुरुवारी साडेनऊला स्ट्रॅडल विका” या सूत्राचे पाच वर्षांचे सुंदर आलेख अजूनही दाखवले जातात, पण ज्या बाजारावर ते काढले तो बाजार आता राहिलेला नाही. नव्या माणसाने पहिलं वर्ष ऑप्शनला हात लावू नये, हे माझं स्पष्ट मत.

यापुढचा खर्च बॅकटेस्टमध्ये धरायचाच राहून जातो. एक लाखाचा शेअर सकाळी घेऊन त्याच दिवशी तेवढ्यालाच विकला असं धरू. डिस्काउंट ब्रोकरचं ब्रोकरेज दोन्ही बाजूंचे मिळून ४० रुपये. विक्रीवरचा एसटीटी (शेअर व्यवहारांवरचा कर) ०.०२५ टक्के, म्हणजे २५ रुपये. एक्सचेंजचं शुल्क सुमारे ६, खरेदीवरचं मुद्रांक शुल्क ३, सेबीची फी काही पैसे, आणि ब्रोकरेज व एक्सचेंजच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, साधारण ८ रुपये. झाले ८२ रुपये. आता स्लिपेज, म्हणजे कोडने धरलेला भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यांतला फरक. ५०० रुपयांच्या शेअरमध्ये प्रत्येक बाजूला फक्त २५ पैसे धरले, तर २०० शेअरवर आणखी १०० रुपये. म्हणजे एका फेरीला १८२. वर्षात बाजाराचे दिवस २४५ धरा. रोज एक फेरी मारणाऱ्या स्ट्रॅटेजीचा वर्षाचा खर्च ४४,५९० रुपये! लाखावर जवळपास ४५ टक्के कमाई झाल्याशिवाय तुमच्या खिशात एक रुपया येत नाही.

तेच लाख रुपये महिन्यातून एकदा डिलिव्हरीत फिरवले, तर एसटीटी दोन्ही बाजूंचा २००, मुद्रांक १५, एक्सचेंजचे ६, डीपी शुल्क पंधराएक आणि थोडा जीएसटी. अनेक डिस्काउंट ब्रोकर डिलिव्हरीला ब्रोकरेज घेत नाहीत. एका फेरीला सुमारे २४०, वर्षाला २,९००च्या आत. स्लिपेज इथेही लागतं, पण बाराच वेळा. दोन स्ट्रॅटेजींमधला हा फरक कुठल्याही इंडिकेटरपेक्षा मोठा आहे. बॅकटेस्टच्या पहिल्या ओळीपासून ही शुल्कं कोडमध्ये घाला, “नंतर वजा करू” म्हणू नका. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात फ्युचर्स-ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरांना तोटा झाला, आणि २०२४च्या वर्षात प्रत्येकाचे सरासरी २६,००० रुपये नुसते व्यवहार खर्चात गेले.

शुल्कं घालूनही निकाल चांगला आला, तर आनंद करण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: इथवर येताना किती प्रकार तपासून पाहिले? वीस दिवसांची सरासरी जमली नाही, बावीस घेतली, मग पंचवीस, मग सोमवार वगळला. असं करत गेलं की केव्हातरी योगायोगाने सुंदर आलेख निघतोच. बेली, बोरवाइन, लोपेझ द प्रादो आणि झू या चौघांनी २०१४ मध्ये गणिताने दाखवलं, की पाच वर्षांचाच डेटा हाती असेल तर ४५ पेक्षा जास्त स्वतंत्र प्रकार तपासू नयेत. त्यापुढे निव्वळ नशिबानेही उत्तम दिसणारी स्ट्रॅटेजी हाती लागते. घरचा लॅपटॉप ४५ प्रकार चहा होईपर्यंत तपासून देतो. म्हणून एक वही ठेवा, प्रत्येक प्रयोग तिच्यात लिहा, आणि शेवटच्या दोन वर्षांचा डेटा बाजूला काढून ठेवा. सगळे नियम पक्के झाल्यावर त्यावर एकदाच चालवा. वहीचे पन्नास रुपये हा या यादीतला सगळ्यात सत्कारणी लागणारा खर्च.

प्रत्यक्ष ऑर्डर टाकायची वेळ आली की सेबीच्या ४ फेब्रुवारी २०२५च्या परिपत्रकाची चौकट लागू होते. एपीआयवरून ऑर्डर टाकायला स्थिर आयपी पत्ता लागतो आणि तो ब्रोकरकडे नोंदवावा लागतो. स्वतःच्या कोडने सेकंदाला १० ऑर्डरींच्या मर्यादेत राहणाऱ्याला एक्सचेंजकडे अल्गोची वेगळी नोंदणी लागत नाही. घरच्या इंटरनेटवर स्थिर पत्ता मिळत नसेल तर छोटा क्लाउड सर्व्हर भाड्याने घ्या, महिन्याला पाचशे ते हजार रुपयांत होतो. स्वतः लिहिलेला कोड आपल्यासाठी आणि जवळच्या कुटुंबासाठी चालतो. मित्राच्या, मेहुण्याच्या खात्यावर चालवायला देऊ नका.

कराचा खर्च लोक मार्चमध्ये आठवतात. इंट्राडे आणि फ्युचर्स-ऑप्शनचं उत्पन्न व्यवसायाचं मानलं जातं, नफा नसला तरी विवरणपत्र त्याच पद्धतीने भरावं लागतं. साधा पगारदार फॉर्म चालत नाही, सीएची फी गावानुसार तीन ते दहा हजारांपर्यंत पडते. डिलिव्हरीत वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के कर आहे.

भांडवलाबद्दल एवढंच, की पहिले सहा महिने शून्य. त्यानंतर तीन महिने कोड रोज चालू ठेवा, पण ऑर्डर कागदावरच, आणि कोडचा भाव व बाजारातला भाव शेजारी शेजारी लिहा. मग वीस-पंचवीस हजारांवर सुरू करा. हे पैसे गेले तरी मुलांची फी आणि घराचा हप्ता अडायला नको. कर्ज काढून किंवा बायकोचे दागिने ठेवून या वाटेला जाऊ नका. समोर मोठ्या संस्थांची यंत्रं आहेत. आर्थिक वर्ष २०२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदार संस्थांना फ्युचर्स-ऑप्शनमध्ये झालेल्या नफ्यातला ९७ टक्के नफा अल्गोनेच कमावलेला होता, असं सेबीच्या वर सांगितलेल्या अभ्यासात म्हटलं आहे.

आणि एखाद्या वर्गात पैसे आधीच अडकले असतील, कबूल केलेलं शिकवलं नसेल, तर गप्प बसू नका. पावती, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेवा. आधी लेखी नोटीस द्या, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तिथे दाद लागली नाही, तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे शुल्क नाही, आणि वकील लावण्याची सक्तीही नाही.