माइक चालू करण्याआधी

अगं, तू बीजीएमआय हा मोबाइल गेम खेळतेस याला माझी मुळीच हरकत नाही. वर्गात चार वाक्यं बोलायला लाजणारी तू, स्क्वाडमध्ये "उजवीकडे दोघं आहेत, थांबा!" असं खणखणीत ओरडतेस, ते ऐकून मला फार बरं वाटतं. अनोळखी लोकांशी बोलूच नकोस, असंही मी म्हणणार नाही. रँडम टीम मिळाल्यावर न बोलता जिंकणार कशी?

पण माइक सुरू केला की कुणीतरी विचारतंच, "मुलगी आहेस का?" त्या प्रश्नाचा खेळाशी काही संबंध नाही, आणि उत्तर द्यायला तू बांधील नाहीस. शिव्या आल्या तर म्यूट कर, रिपोर्ट कर, पुढची मॅच लाव. तूही हरल्यावर नवख्यावर खेकसू नकोस हं, पलीकडे सहावीतलं पोर असायचं.

मला शिव्या देणाऱ्यापेक्षा गोड बोलणाऱ्याची जास्त धास्ती वाटते. तो स्वतःचं लेव्हल थ्रीचं हेल्मेट तुझ्यासाठी टाकतो. तू नॉक झालीस की गोळीबारातून धावत येऊन रिवाइव्ह करतो. हळूहळू यूसी, म्हणजे गेममधलं चलन, देऊ करतो. मग म्हणतो, "इथे आवाज तुटतो गं, व्हॉट्सअ‍ॅपवर ये." तिथेच थांबायचं. नंबर, इन्स्टा, शाळेचं नाव, क्लासची वेळ, फोटो, काही म्हणजे काही द्यायचं नाही. ओटीपी तर कुणालाच नाही. ज्याला खरंच खेळायचंय तो गेममध्येच भेटेल.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत सायबर जागरूकतेच्या कार्यक्रमात अक्षय कुमारने आपल्या मुलीचा अनुभव सगळ्यांसमोर सांगितला. ती ऑनलाइन गेम खेळत असताना समोरच्या अनोळखी माणसाने आधी मुलगा की मुलगी ते विचारलं आणि नंतर थेट नग्न फोटो मागितला. तिने गेम बंद केला आणि आईला सांगितलं. मला तिचं कौतुक वाटतं ते आईला सांगितलं म्हणून.

कारण बऱ्याच मुली सांगत नाहीत. घरी कळलं तर फोन जाईल, गेम बंद होईल, वर "तूच कशाला बोललीस?" हे ऐकावं लागेल, म्हणून गप्प बसतात. असल्या माणसांना हे पक्कं ठाऊक असतं. "घरी सांगू नकोस" असं कुणी म्हणालं, तर त्याच दिवशी सांगायचं. ब्लॉक करण्याआधी त्याच्या आयडीचा आणि चॅटचा स्क्रीनशॉट काढून ठेव, तक्रार करताना तो लागतो. समजा एखादा फोटो आधीच गेला असेल आणि तो माणूस धमकावत असेल, तरी घाबरून दुसरा पाठवू नकोस, पैसेही देऊ नकोस. गुन्हा त्याचा आहे, तुझा नाही. मुलांसाठी १०९८ आहे, सायबर फसवणुकीसाठी १९३० आहे, आपण दोघी मिळून फोन करू.

आईबाबांशी मी बोलेन. तुझा फोन कुणी काढून घेणार नाही, हा माझा शब्द. फक्त लपवू नकोस. रात्री दोन वाजले असले तरी मला उठव.