सहा आठवडे म्हणजे नेमके काय?

वाचकहो, गेल्या आठवड्यात या सदरात खंड पडला, त्याबद्दल क्षमस्व. कारण सांगायला थोडी लाज वाटते. रक्तातली साखर वाढू लागल्यापासून मी पहाटे आष्टीहून कड्याच्या दिशेने सायकलवर जातो. दोन आठवड्यांपूर्वी रस्त्यावर सांडलेल्या खडीवरून पुढचे चाक घसरले आणि मी उजव्या तळहातावर आपटलो. हा मजकूर मी सांगतो आहे, मुलगी लिहून घेते आहे.

पडताना माणूस हात पुढे टेकतो आणि मनगटाच्या वर हाड मोडते. १८१४ साली आयर्लंडचे शल्यचिकित्सक अब्राहम कोलिस यांनी या मोडीचे वर्णन केले, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ८१ वर्षे आधी, केवळ हाताच्या आकारावरून आणि बोटांनी चाचपून. आजही तिला त्यांचेच नाव आहे.

शेजाऱ्याच्या जीपमधून नगरला (आताचे अहिल्यानगर) गेलो. तिथल्या डॉक्टरांनी हाड ओढून जागेवर बसवले, प्लास्टर घातले, "सहा आठवडे" एवढे म्हणाले आणि पुढच्या रुग्णाकडे वळले. काम उत्तम केले, त्याबद्दल तक्रार नाही. पण रात्री तीन वाजता बोटे सुजली, तेव्हा ही सूज नेहमीची की काळजीची, हे मला सुचेना. तीस वर्षे दवाखाना चालवणारा मी, बायकोला विचारत बसलो. दुखणे आपले असले की पुस्तक आठवत नाही.

सक्तीच्या विश्रांतीत मुलीने 'श्वास' चित्रपट लावून दिला. संदीप सावंत यांचा हा चित्रपट २००४ मध्ये आला. त्याला सुवर्णकमळ मिळाले. मराठीत त्याआधी ते १९५४ साली 'श्यामची आई'ला मिळाले होते. कोकणातले आजोबा लहानग्या नातवाला डोळे दाखवायला शहरात आणतात. नातवाला डोळ्यांच्या पडद्याचा कॅन्सर निघतो. जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार, आणि हे त्या पोराला सांगायचे कोणी, हा सगळा पेच. पूर्वी पाहिला तेव्हा मी डॉक्टरांच्या खुर्चीतून पाहिला होता आणि ऑपरेशनच्या आधी नातवाला जग दाखवायला दवाखान्यातून घेऊन जाणारे आजोबा मला बेशिस्त वाटले होते. या वेळी गळ्यात हात अडकवून पाहिला. अरुण नलावडे यांनी केलेले ते आजोबा एकेक प्रश्न घेऊन डॉक्टरांच्या दारात घुटमळतात, तिथे मी मुलीला चित्रपट थांबवायला सांगितले.

(जाता जाता: लहान मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, किंवा डोळा नव्याने तिरळा वाटू लागला, तर लगेच नेत्रतज्ज्ञांना दाखवा. हा आजार लवकर सापडला तर पुष्कळदा डोळाही वाचतो.)

थांबवायला सांगितले, कारण मला एक ऊसतोड कामगार आठवला. त्याचेही मनगटच मोडले होते. प्लास्टर नगरलाच झाले, पुढे तो माझ्याकडे येई. मीही त्याला "सहा आठवडे" एवढेच बजावले होते. तीन आठवडे होताच त्याने प्लास्टर घरीच कापले आणि टोळीबरोबर कारखान्यावर गेला. परतला तेव्हा मनगट वाकडे जुळलेले, मुठीत कोयता धरवत नव्हता. मी त्याच्यावर चिडलो. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, तो घरी बसणार कसा, हे मी विचारले नाही. आणि सहा आठवडे का, हेही सांगितले नाही.

ते आता सांगतो. हाड मोडले की तिथे आधी रक्त साकळते. दोन-तीन आठवड्यांत त्या जागी मऊ सांधा तयार होतो, ओल्या मातीच्या भिंतीसारखा. याच सुमारास दुखणे बरेच कमी होते आणि माणूस फसतो. भिंत वाळायला आणखी तीन-चार आठवडे लागतात. तंबाखू आणि मधुमेह असेल तर त्याहून जास्त. ओल्या भिंतीवर वजन टाकले की ती वाकते. प्लास्टर निघाल्यावरही कोयता लगेच हातात घ्यायचा नाही. ही गोष्ट मी त्याला दोन मिनिटांत सांगू शकलो असतो. उसाचा हंगाम पाहून पुढचा बेत तरी त्याने ठरवला असता, मुकादमाशी बोलला असता.

पहिले काही दिवस हात छातीच्या वर उशीवर ठेवावा. बोटे दर तासाला पूर्ण उघडावीत, पूर्ण मिटावीत. कोपर आणि खांदा दिवसातून चार-पाच वेळा हलवावा. मी आळस केला आणि आठ दिवसांत खांदा आखडला. बोटे निळी किंवा पांढरी पडली, बधिर झाली, किंवा बोट सरळ करताना असह्य कळ आली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. ते प्लास्टर सैल करावे लागते, गोळीने भागत नाही. प्लास्टरमध्ये काडी घालून खाजवू नये. आणि हाडवैद्याकडून तेल चोळून घेऊ नये.

डोक्याला मार लागला असेल तर पुढचे दोन दिवस घरच्यांनी लक्ष ठेवावे. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, जास्तीची झोप, यातले एकही दिसले तर वाट पाहू नये. माझ्या कपाळावर फक्त टेंगूळ आले. हेल्मेट घातले नव्हते, ही चूक माझीच.

दसरा झाला की टोळ्या निघतील. ज्यांच्या हातापायाला प्लास्टर आहे त्यांनी निघण्यापूर्वी एकदा दाखवून जावे आणि मनातले प्रश्न कागदावर लिहून आणावेत. लिहिता येत नसेल तर पोराकडून लिहून घ्यावेत, मीही सध्या तेच करतो आहे. दवाखाना नेहमीच्या वेळेत उघडा आहे. टाके घालणे मात्र आणखी महिनाभर जमणार नाही.